३ इंची पॅडल टेल कुशीवर पडून फिरतो, टेक्सास रिगवर मासा लागत नाही. हलक्या रॉडवर रबर नेमकं कसं ओवायचं?

पानशेतकाठ

नमस्कार मंडळी. सामान आधी सांगतो. रॉड साडेसहा फुटी, १ ते ७ ग्रॅमचा. रील १००० साइजचं, त्यावर पीई ०.६ (जाडीचा आकडा) ब्रेड म्हणजे विणलेली लाइन, आणि तिच्या टोकाला ०.२० मिमी फ्लोरोकार्बनचा हातभर लीडर. रबरं, म्हणजे मऊ खोटे मासे (लूर), ३ इंची पॅडल टेल (वल्ह्यासारख्या चपट्या शेपटीची), बऱ्यापैकी जाड अंगाची. जिगहेड (वजनाचं डोकं बसवलेले हुक) गोल, साडेतीन ग्रॅमचे. जागा पानशेत आणि वरसगावच्या फुगवट्याचा काठ, म्हणजे कुठे काळा खडक, कुठे बुडालेलं गवत आणि झुडपं.

अडचणी अशा. जिगहेडवर लावलेलं रबर सरळ पोहत नाही, एका कुशीवर पडतं आणि जरा वेगानं ओढलं की गोल गोल फिरतं. तासाभरात ब्रेडला इतका पीळ बसतो की रॉडच्या टोकाशी गाठी पडतात. दुसरं, दहा-बारा कास्टनंतर रबर जिगहेडचं डोकं सोडून मागे सरकतं आणि हुकच्या बाकाशी गोळा होतं. गवतासाठी ३/० चा ऑफसेट हुक (डोळ्याजवळ मोड असलेला) आणि ५ ग्रॅमची बुलेट (लाइनवर सरकणारं निमुळतं वजन) लावून टेक्सास रिग, म्हणजे हुकचं टोक रबरात लपवलेली मांडणी, करून पाहिली, तर ठोके स्पष्ट कळतात पण मासा लागत नाही. हुक चुकतोय, ओवण्यात चूक आहे की रॉडच यासाठी नाही?

सह्याद्री_अँगलर

रॉड योग्य आहे. तुमच्या अडचणी मुख्यतः ओवण्यातल्या आहेत आणि एक चूक वजनाची. वजनाचं आधी उरकतो. रॉडवर लिहिलेले १ ते ७ ग्रॅम म्हणजे जिगहेड आणि रबर मिळून. जाड अंगाचं ३ इंची रबर एकटंच ४ ग्रॅमच्या आसपास भरतं. त्यात साडेतीन ग्रॅमचं डोकं आलं की तुम्ही मर्यादेच्या पलीकडे गेलात. सोनारकामाचा छोटा डिजिटल काटा, ०.१ ग्रॅम दाखवणारा, घेऊन ठेवा आणि रबरांच्या प्रत्येक पाकिटावर मार्करनं वजन लिहून टाका. एकूण ४ ते ५ ग्रॅम झालं की असा रॉड मनासारखा वाकतो आणि कास्टही लांब जातो. म्हणून या रॉडला २ ते अडीच इंची, सडपातळ अंगाचं रबर आणि पावणेदोन ते अडीच ग्रॅमचं डोकं ही जोडी धरा. ३ इंची वापरायचंच असेल तर बारीक अंगाचं निवडा.

आता ओवणं. इथे घाई करू नका, कारण पुढचं सगळं या एका मिनिटावर अवलंबून आहे.

जिगहेड रबराच्या बाजूला धरा. डोक्याची मागची कड रबराच्या नाकाला टेकलेली हवी. हुकचा बाक जिथे वळून वर येतो, त्याच्या समोर रबराच्या पाठीवर नखानं किंवा पेननं खूण करा. हुक तिथूनच बाहेर यायचा. नाकाच्या चपट्या तोंडावर मधोमध टोक लावा, वरखाली नाही आणि डावी-उजवीकडेही नाही. मग हुक ढकलू नका. हुक स्थिर धरून रबर त्यावर थोडं थोडं चढवत न्या, सुईवर चुणी चढवतात तसं. प्रत्येक ४-५ मिमीला थांबून वरून बघा: टोक पाठीच्या मधल्या रेषेखालीच आहे ना? बहुतेक रबरांना साच्याची एक बारीक रेघ असते, तिचा उपयोग करून घ्या. खुणेशी आलात की रबर किंचित वाकवून टोक त्या रेघेवरच बाहेर काढा. शेवटी रबर कीपरवर, म्हणजे डोक्यामागच्या काट्यावर, दाबून डोक्याला पूर्ण भिडवा.

झाल्यावर दोन गोष्टी तपासा. वरून पाहिल्यास नाक, हुकचा दांडा आणि शेपटी एका रेषेत दिसली पाहिजेत. बाजूनं पाहिल्यास पाठीवर कुबड किंवा पोटाला खळगा नको. कुबड दिसलं तर हुक खुणेच्या पलीकडे, शेपटीकडे बाहेर आलाय, रबर ताणलं गेलं तर अलीकडे, नाकाकडे. अर्ध्या सेंटिमीटरच्या चुकीनंसुद्धा रबर धनुष्यासारखं वाकतं. वाकलेलं रबर पाण्यात सुकाणू लावल्यासारखं एका बाजूला वळत राहतं आणि वेग वाढवला की गोल फिरायला लागतं. तुमच्या ब्रेडला पीळ बसतोय तो इथूनच.

चुकलं तर त्याच भोकातून पुन्हा ओवू नका, हुक जुन्याच वाटेनं जातो. नाकाकडून ३-४ मिमी ब्लेडनं सरळ कापून टाका आणि नवीन सुरुवात करा.

आणखी एक कारण असतं, हुकची लांबी. ७५ मिमीच्या रबरात हुक नाकापासून २५ ते ३० मिमीवर बाहेर यायला हवा. त्याहून मागे गेला तर मागचं अंग ताठ होतं आणि पॅडल हलायचं थांबतं. ३ इंचीला १ नंबर, फार तर १/० चा हुक. २ इंचीला ६ किंवा ४ नंबर. कंपनीनुसार मापं बदलतात, त्यामुळे आकड्यापेक्षा रबराशेजारी धरून बघण्यावर भरवसा ठेवा.

सरकण्याबद्दल: कीपरचे काटे शिशाचे आणि बोथट असतील तर सहा-सात कास्टमध्ये भोक मोठं होतं. शेवटचे ५ मिमी राहिले की कीपरवर सुपरग्लूचा एकच थेंब द्या, रबर डोक्याला भिडवा आणि १५ सेकंद दाबून धरा. पातळ ग्लू हुकवरून ओघळतो, जेल प्रकारचा घ्या. नवीन जिगहेड घेताना तारेचा किंवा बारीक दुहेरी काट्याचा कीपर असलेले पाहून घ्या.

इंद्रायणी_लाइट

वरच्या उत्तरात गाठीचं राहिलं. गोल जिगहेडचा डोळा दांड्याला काटकोनात असतो, गाठ त्याच्या वरच्या कडेवर बसली पाहिजे. मासा लागल्यावर किंवा अडकल्यावर गाठ घसरून डोळ्याच्या बाजूला जाते. मग उत्तम ओवलेलं रबरही तिरकं चालतं. दर काही कास्टनंतर बोटानं गाठ जागेवर आणायची सवय लावा. किंवा न सरकणारी लूप गाठ बांधा, लूप ४-५ मिमीचा. हलक्या डोक्याला त्यात मोकळं डोलता येतं. ०.२० च्या लीडरवर क्लिंच बांधत असाल तर पाच-सहा वेढे द्या आणि आवळण्याआधी थुंकीनं ओलं करा. कोरडं आवळलं की फ्लोरोकार्बन तापतं, गाठीलगत कुरळं होतं आणि तिथेच तुटतं.

मरळ_पवना

टेक्सासचं मी सांगतो. ३/० चा जाड तारेचा हुक १ ते ७ ग्रॅमच्या रॉडवर बसवताच येत नाही. हुकची तार जितकी जाड तितका तो जबड्यात घुसवायला जोर जास्त लागतो, आणि या रॉडचं टोक तो जोर स्वतःच वाकून खाऊन टाकतं. त्यात टोक आधी जाड रबर फाडून बाहेर यायचं आणि मग माशाच्या तोंडात शिरायचं, म्हणजे दुप्पट काम. ठोका कळतो, मासा रबर तोंडात धरतो, तुम्ही झटका देता आणि तो नुसतं तोंड उघडून सोडून देतो.

बारीक तारेचा ऑफसेट हुक घ्या, १ नंबर किंवा १/०. निवडताना हुकचा गाळा, म्हणजे दांडा आणि टोक यांच्यामधली मोकळी जागा, रबराच्या जाडीच्या दीडपट ते दुप्पट असली पाहिजे. तुमचं जाड अंगाचं रबर १२-१३ मिमीचं असेल तर १/० च्या गाळ्यात ते जेमतेम मावेल आणि टोकाला बाहेर पडायला जागाच उरणार नाही. मग त्याहून मोठा हुक लावावा लागतो, मोठ्या हुकला जाड तार येते, आणि पुन्हा तीच अडचण. म्हणून रबरच बारीक हवं, किंवा पोटाला चीर असलेलं. चिरेत हुकचा बाक लपतो आणि मासा दाबतो तेव्हा अंग लगेच चपटं होतं.

ओवायची रीत अशी. हुकचं टोक नाकातून मधोमध ५-६ मिमी आत घालून पोटाकडून बाहेर काढा. रबर दांड्यावरून ओढत डोळ्यापर्यंत न्या, म्हणजे हुकची झेडसारखी मोड नाकात रुतून बसेल. आता हुक अर्धा फिरवा, टोक रबराकडे वळेल. इथे थांबा. रबर नुसतं लोंबू द्या, ओढू नका. हुकचा बाक पोटाला जिथे आपोआप टेकतो ती जागा नखानं दाबून ठेवा. रबर मधे थोडं वाकवून टोक बरोबर त्या जागी घाला आणि पाठीतून सरळ वर काढा. सोडल्यावर रबर तारेसारखं सरळ राहिलं पाहिजे. मग पाठीवरचं टोकाजवळचं कातडं किंचित पुढे ढकलून टोक वरवर, एखादा मिलिमीटर, त्याखाली लपवा. संपूर्ण टोक अंगात पुरू नका.

त्यानंतर दोन बोटांत रबर दाबून बघा. हलक्या दाबानं टोक बाहेर डोकावलं तर रिग बरोबर आहे. जोर करावा लागत असेल तर माशालाही तो करावा लागेल. हुकची धारही नखावर पाहून घ्या: टोक नखावर अलगद टेकवून ओढलं की अडकलं पाहिजे, घसरलं तर हुक बदला. खडकावर घासलेला हुक दिसायला नवा असतो आणि टोक गेलेलं असतं.

बुलेटचं वजन २ ते साडेतीन ग्रॅम पुरे, निमुळतं टोक रॉडकडे. मोकळ्या पाण्यात बुलेट सुटी ठेवा. गवतात मात्र तिच्यापुढे रबरी स्टॉपर लावून ती रबराच्या नाकाशी टेकवून ठेवा. नाही तर शिसं गवतातून खाली जातं आणि रबर मागे वर लटकत राहतं, ठोका आला तरी मधल्या ढिल्या लाइनमुळे कळत नाही. टंगस्टनची बुलेट महाग पडते, पण तेवढ्याच वजनाला आकारानं बरीच लहान असते, त्यामुळे गवतातून सुळकन जाते आणि तळ खडक आहे की चिखल हे बोटाला स्पष्ट सांगते. एक-दोन तरी जवळ असाव्यात.

ठोका आल्यावर वर झटका मारू नका. रॉड खाली, पाण्याकडे, रील फिरवत ढिली लाइन गोळा करा. वजन जाणवलं की रॉड आडवा, कमरेच्या उंचीनं, एका लांब सलग ओढीत बाजूला न्या आणि रील थांबवू नका. ब्रेड ताणून लांबत नाही, त्यामुळे बारीक हुक एवढ्यावर घुसतो.

भिगवण_बॅकवॉटर

खडकाळ काठासाठी टेक्सासपेक्षा सोपी नेड रिग करा. ५ इंची साधी काडी मधोमध कापा, दोन रिगचं काम होतं. कापलेली चपटी बाजू मशरूम आकाराच्या डोक्याला भिडवायची. डोकं पावणेदोन ते अडीच ग्रॅम, हुक २ नंबरचा. काडी टीपीई जातीच्या रबराची असेल तर ती तरंगते, म्हणून तळाला टेकल्यावर शेपटी वर करून उभी राहते. टाका, टेकू द्या, पाच मोजा, हातभर हळू ओढा, पुन्हा थांबा. खरपी आणि चिलापी दोन्ही थांबलेलं रबर उचलतात.

टीपीई रबर आणि साधं पीव्हीसी रबर एका डबीत कधीही ठेवू नका, दोन्ही एकमेकांना लागून वितळतात आणि चिकट गोळा उरतो. पीव्हीसी रबरं काही प्लॅस्टिकच्या डब्यांनाही खातात, मूळ पाकिटात ठेवणं सगळ्यात सुरक्षित. एप्रिल-मेमध्ये पुण्यातल्या उन्हात बंद गाडीत रबरं ठेवलीत तर ती जशी पडली असतील तशीच वाकून बसतात. तुमच्या कुशीवर फिरण्याचं हेही कारण असू शकतं, ओवण्याआधी पाकिटातलं रबर सपाट फरशीवर ठेवून बघा. वाकलं असेल तर चिमट्यानं शेपटी धरून चांगल्या गरम पाण्यात, उकळत्या नाही, २०-३० सेकंद बुडवा, हातानं सरळ करा आणि लगेच गार पाण्यात लोंबतं धरा. हे फक्त पीव्हीसी रबराचं.

संध्याकाळी काठावर डासांचं मलम लावता तेव्हा हात धुऊन मगच रबराला हात लावा. डीट असलेलं मलम रबराला आणि रॉड-रीलच्या प्लॅस्टिकलाही मऊ करतं.

पानशेतकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. फरशीवर ठेवून पाहिलं, आठपैकी पाच रबरं वाकलेली आहेत. उरलेल्या तिघांत हुक मधल्या रेषेपासून २-३ मिमी डावीकडे बाहेर आलेला आहे. दोन प्रश्न राहतात. ब्रेडला बसलेला पीळ काढता येईल का? आणि याच सामानावर गवताच्या कडेला मरळ धरायला टेक्सास लावली तर ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा रील ज्या जोराला लाइन सोडतं तो) किती ठेवायचा?

सह्याद्री_अँगलर

पीळ निघतो. मोकळं मैदान बघा, सकाळी गर्दी नसताना. लूर, स्नॅप सगळं काढून टाका, ब्रेडचं टोक सुटं ठेवा. ४०-५० मीटर लाइन गवतावरून चालत सोडा आणि ओल्या फडक्याच्या चिमटीतून परत गुंडाळा. सुटं टोक फिरत राहतं आणि पीळ उलगडतो. दोनदा करा. वाहत्या पाण्याच्या काठी असाल तर टोकाला काही न बांधता लाइन प्रवाहात सोडली तरी तेच होतं. पुढे पीळ बसू नये म्हणून कास्टनंतर बेल (रीलवरची उघडझाप होणारी तार) हातानं बंद करा आणि रीलच्या पहिल्या दोन फेऱ्या लाइन बोटांत धरून ताणात गुंडाळा. हलक्या लूरला लाइन सैल गुंडाळली जाते आणि पुढच्या कास्टला वेटोळी एकदम सुटतात.

स्पूलवर ब्रेडखाली नायलॉनची बॅकिंग आहे ना? नसेल तर ब्रेडचा अख्खा गठ्ठा स्पूलवर सरकतो आणि ड्रॅग बिघडलाय असं वाटत राहतं.

मरळ_पवना

मरळीबाबत स्पष्ट सांगतो: या सामानावर गवतातली मरळ धरू नका. मोकळ्या पाण्यात अर्धा-पाऊण किलोची आली तर ठीक. गवताच्या कडेला लागलेली मोठी मरळ पहिल्याच झेपेत आत शिरते, तिला थांबवायला जो ड्रॅग लागतो तो ०.२० चा लीडर सोसत नाही. लाइन तुटते आणि हुक, बुलेट, दोन हात लाइन घेऊन मासा गवतात अडकून पडतो. त्यात मरळीच्या दातांनी लीडर खरवडला जातो. त्या कामाला कमीत कमी मीडियम रॉड, पीई १.५ च्या वरचा ब्रेड आणि ०.४० चा लीडर हवा. पावसाळ्यात काठाशी लालसर पिल्लांचा थवा पाण्यावर उकळ्या फुटल्यासारखा वरखाली होताना दिसला तर तिथे लूर टाकूच नका. खाली जोडी राखण करत असते आणि ती भुकेनं नाही, पिल्लांसाठी झेप घेते. ती उचलली की पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात.

ड्रॅगचा हिशोब सगळ्यात कमकुवत दुव्यावर करायचा, तुमच्याकडे तो लीडर आहे. ०.२० चं फ्लोरोकार्बन साधारण साडेतीन किलोचं धरा, गाठीत थोडी ताकद कमी होते. ड्रॅग त्याच्या पाव, म्हणजे पाऊण ते एक किलो. लाइन रॉडच्या सगळ्या कड्यांतून काढून टोक सामान तोलायच्या काट्याला बांधा, रॉड ४५ अंशांत धरा आणि दुसऱ्याला काटा ओढायला सांगा. रीलवरून थेट मोजलं तर आकडा कमी येतो, कारण वाकलेल्या रॉडवरच्या कड्यांचं घर्षण त्यात धरलं जात नाही. प्रत्येक माशानंतर लीडरची शेवटची वीतभर लांबी ओठांतून फिरवून बघा, बोटापेक्षा ओठाला खरखर लवकर कळते. जरा जरी खडबडीत लागली तर कापून नवी गाठ मारा. हातभर लीडर त्यासाठी कमी पडतो, ९० सेंमी ते सव्वा मीटर ठेवा.

इंद्रायणी_लाइट

लांब लीडर म्हणजे जोडाची गाठ रॉडच्या कड्यांतून जाणार, तेव्हा एफजी ही बारीक जोडगाठ शिका. ती जमेपर्यंत डबल युनी चालेल, ब्रेडकडून आठ वेढे, लीडरकडून चार, टोकं अगदी मुळाशी कापलेली.

खडकात अडकलं की रॉडनं ओढू नका, हलके रॉड तिथेच मोडतात. आधी लाइन थोडी ढिली करा, दोन बोटांनी धनुष्याच्या दोरीसारखी ताणून सोडा, तीन-चार वेळा. जिगहेड मागे उडून सुटतं. नाहीच सुटलं तर रॉड लाइनच्या रेषेत धरा, ब्रेड एखाद्या काठीला गुंडाळून मागे चाला. हाताला गुंडाळू नका, पीई ०.६ कातडी चिरते. फाटलेली रबरं पिशवीत घालून घरी आणा, पाण्यात पडलेलं रबर मासे गिळतात आणि ते पचत नाही.

हुकच्या टोकाजवळचे उलटे काटे पकडीनं दाबून घ्या. बारीक तारेचा, काटा दाबलेला हुक घुसतोही सहज आणि मासा सोडताना निघतोही सहज. शिवडा लागला तर तो सोडूनच द्या, त्याची संख्या घटत चालली आहे. जलाशयात मासेमारीचा ठेका सहसा मच्छीमार सोसायटीकडे असतो, गळ टाकण्याआधी त्यांना विचारून घ्या. धरणाच्या भिंतीकडे आणि सांडव्याकडे फिरकू नका.

पानशेतकाठ

समजलं. मरळीचा विचार सोडला. अडीच इंची बारीक अंगाचं रबर, १ नंबरचा बारीक तारेचा ऑफसेट आणि अडीच ग्रॅमची बुलेट घेतो. शनिवारी फक्त खडकाच्या काठावर नेड आणि जिगहेड. रंग कोणता?

भिगवण_बॅकवॉटर

पाणी निवळ असेल तर पारदर्शक राखाडी किंवा फिकट हिरवा, पोटाशी चंदेरी. पहिल्या पावसानंतर गढूळ झालं की काळा किंवा गडद जांभळा, त्याची सावली पाण्यात ठळक दिसते. दोन रंग पुरेत. पैसे उरले तर जिगहेडची वजनं वाढवा: ०.९, १.८, २.६ आणि ३.५ ग्रॅम. एकाच रबराला खोलीप्रमाणे वजन बदलता आलं पाहिजे. टाकल्यावर तळ लागेपर्यंत मोजा. दोन-तीनमध्ये लागला तर डोकं हलकं करा. वारा असताना बारा-पंधरा मोजूनही तळ कळला नाही तर एक पायरी जड लावा.